घरोघरचें : पडद्यावरील एस. टी. कां कोलमडते?

ज्या घरांत दहा ते वीस वर्षांच्या वयाचीं मुलें आहेत, त्या घरांत संध्याकाळच्या वेळीं एक उद्गार हल्लीं वारंवार ऐकूं येतो : "पुन्हां क्रॅश झालें!" हा उद्गार कानीं पडतांच वडील मंडळींच्या मनांत बहुधा दोनच विचार येतात. पहिला असा कीं, खेळ बंद पडला तें बरेंच झालें. आतां तरी पोर पुस्तक हातीं धरील. दुसरा असा कीं, एवढे पैसे घालून घेतलेलें यंत्र इतक्यांत बिघडलें कीं काय! पहिल्या विचाराचा परामर्श आम्हीं शेवटीं घेऊं. दुसरा विचार मात्र पुष्कळ वेळां निराधार असतो, आणि त्यापायीं घरचे पैसे व घरची शांतता हीं दोन्हीहि विनाकारण खर्च होतात. म्हणून या महिन्यांत हाच विषय घेतला आहे.

प्रथम हें प्रकरण काय आहे तें पाहूं. मुरबें, सातपाटी, बोईसर, पालघर ह्या आमच्या टापूंतील मुलांना लहानपणापासून ओळखीची असलेली मोठी गाडी म्हणजे एस. टी.ची लाल बस. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, पहिली एस. टी. गेली; तेव्हांपासून ह्या गाडीनें महाराष्ट्राच्या चार पिढ्या शाळेंत, माहेरीं आणि यात्रेस पोंचविल्या आहेत. ती गाडी आपण स्वतः हांकावी ही हौस मुलांना वाटणें स्वाभाविकच आहे. प्रत्यक्षांत तें शक्य नाहीं. पडद्यावर मात्र शक्य आहे.

परंतु पडद्यावरचा खेळ आला परदेशांतून. 'यूरो ट्रक सिम्युलेटर २' हा खेळ झेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथील एस. सी. एस. सॉफ्टवेअर ह्या मंडळीनें २०१२ सालीं काढला. त्यांत रस्ते यूरोपांतले आणि मालमोटारीहि तिकडच्याच. त्यांत आपली लाल बस कोठून असणार? मग कोणी हौशी तरुण रात्रींचा दिवस करून त्या बसचा आकार, रंग, खिडक्या, पाट्या आणि भोंग्याचा आवाज स्वतः तयार करतो व मूळ खेळास जोडतो. अशा बाहेरून केलेल्या जोडकामास 'मॉड' असें म्हणतात. इंडोनेशियांतील मालेओ ह्या मंडळीनें २०१७ सालीं काढलेल्या 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' ह्या मोबाइलवरील खेळांतहि आपल्याकडील मुलें अशाच रीतीनें भारतीय गाड्या घालून चालवितात.

एखादा मॉड घातल्यानें सहसा कांहीं बिघडत नाहीं. परंतु हौसेला मोल नसतें, तसा तिला अंतहि नसतो. बस आली कीं तिला शोभेल असा पाऊस हवा. पाऊस आला कीं रस्त्यांत खड्डे हवेत. मग रहदारींत रिक्षा हवी, झाडें आपल्याकडचीं हवींत, नकाशा आणखी मोठा हवा. बघतां बघतां पन्नास-साठ निरनिराळ्या माणसांनीं, एकमेकांस न विचारतां, निरनिराळ्या काळीं केलेलीं जोडकामें एकाच खेळाच्या अंगावर चढतात. आणि एके दिवशीं खेळ उघडेनासा होतो.

येथें वडील मंडळींनीं एक गोष्ट पक्की ध्यानांत घ्यावी. क्रॅश होणें म्हणजे यंत्र मोडणें नव्हे. संगणकावरील प्रत्येक कार्यक्रम म्हणजे आज्ञांची एक लांबलचक मालिका होय. एखाद्या आज्ञेनें 'अमक्या ठिकाणची वस्तु आण' असें सांगितलें, आणि त्या ठिकाणीं ती वस्तु नसली, किंवा तेथें भलतेंच कांहीं सांपडलें, म्हणजे कार्यक्रमास पुढें पाऊल टाकतां येत नाहीं. अशा वेळीं इतर कामास धोका पोंचूं नये म्हणून विंडोज् ही मुख्य व्यवस्था त्या एकट्या कार्यक्रमास बंद करते. सभेंत एकाचा तोल सुटला तर अध्यक्ष त्यास बाहेर पाठवितात, सभा मोडीत नाहींत, तसेंच हें. याच्या उलट, संगणक आपण होऊन बंद पडत असेल, पुन्हां पुन्हां नव्यानें सुरू होत असेल, किंवा खेळ नसतांनाहि पडद्यावर पट्टे उमटत असतील, तर मात्र उष्णता, वीजपुरवठा किंवा एखादा भाग यांविषयीं शंका घेण्यास जागा आहे. हा भेद न ओळखल्यामुळें काय होऊं शकतें, हें पुढील हकीकतीवरून दिसेल.

आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब आहे. घरीं संगणक एकच. त्यावर मोठे काका हिशेब ठेवतात, बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्गांतील पुतणी अभ्यास करते, आणि उरलेल्या वेळांत तिचा धाकटा भाऊ खेळतो. त्याच्या खेळांत ५३ मॉड होते, आणि दोन वर्षें जपून वाढविलेली गाड्यांची एक काल्पनिक कंपनी होती. गेल्या पावसाळ्यांत असें होऊं लागलें कीं, खेळ उघडावा, नकाशा भरत यावा आणि तेवढ्यांत सर्व नाहींसें होऊन रिकामा पडदा दिसावा. दुरुस्तीवाला आला. त्यानें पाहून ग्राफिक कार्ड बदलावें लागेल असें सांगितलें. खर्चाचा आंकडा ऐकून आजोबा म्हणाले, "विकून टाका तें यंत्र. ना धड अभ्यास, ना घरांत शांतता." काकांनीं गिऱ्हाईक पाहण्यास आरंभहि केला. आतां यांत नुकसान कोणाचें होणार होतें? मुलाचा खेळ जाणार होता हें खरें; पण त्याबरोबर मुलीचें शेवटचें वर्ष अडचणींत येणार होतें, आणि तिनें तर एकहि मॉड घातला नव्हता!

ही मुलगी पूर्वीं आमच्याकडे संस्कृत शिकावयास येत असे. ती येऊन म्हणाली, "गुरुजी, काकांचे हिशेब नीट चालतात, माझीं व्याख्यानें नीट दिसतात, मग कार्ड बिघडलें असें कसें म्हणावें?"

आम्हीं विचारलें, "मॉड सगळे बाजूला ठेवून नुसता मूळ खेळ कोणी चालवून पाहिला काय?"

"नाहीं."

"म्हणजे, बाळ, साक्षीदार तपासल्यावांचूनच निकाल लागला म्हणावयाचा!"

तिनें घरीं जाऊन त्या खेळांत एक नवें, कोरें प्रोफाइल उघडलें. प्रोफाइल म्हणजे खेळणाऱ्याचें स्वतंत्र खातें. त्यांत एकहि मॉड न घालतां तिनें खेळ तासभर चालविला. खेळ पडला नाहीं. ग्राफिक कार्डाची निर्दोष सुटका एवढ्यानेंच झाली. मग त्याच कोऱ्या प्रोफाइलांत ५३ हि मॉड घातले, आणि खेळ पूर्वींप्रमाणेंच पडला. दोष भावानें जपलेल्या प्रवासांत नसून मॉडांतच आहे, हें त्यामुळें सिद्ध झालें. दोष सांपडला नव्हता. परंतु तो कोठें नाहीं हें कळलें होतें, आणि शोधाचा अर्धा भाग तोच असतो.

आतां मॉडांमुळें खेळ पडण्याचीं मुख्य कारणें कोणतीं, तें सांगतों. तीं बहुतेक चारच आहेत.

पहिलें कारण आवृत्तीचें. मूळ खेळाचे कर्ते वेळोवेळीं त्याची सुधारलेली आवृत्ति काढतात. मुलें तिला अपडेट म्हणतात. जुन्या आवृत्तीसाठीं बेतलेला मॉड नव्या आवृत्तींत बसेलच असें नाहीं. 'स्कायरिम' हा अमेरिकेंतील बेथेस्डा मंडळीचा खेळ ११ नोव्हेंबर २०११ रोजीं निघाला, आणि मॉड घालणाऱ्यांत तो फार प्रसिद्ध आहे. त्याचे पुष्कळसे मोठे मॉड 'स्क्रिप्ट एक्स्टेंडर' नांवाच्या एका मधल्या जोडावर अवलंबून असतात, आणि तो जोड खेळाच्या विशिष्ट आवृत्तीसाठींच केलेला असतो. नोव्हेंबर २०२१ मध्यें त्या खेळाची नवी आवृत्ति आली, तेव्हां अशा पुष्कळ मॉडांचें काम त्यांचे कर्ते दुरुस्ती करीपर्यंत अडून बसलें.

दुसरें कारण आधाराचें. एक मॉड दुसऱ्याच्या खांद्यावर उभा असतो. खालचा काढला कीं वरचा कोसळतो. मोठ्या नकाशांचे कांहीं मॉड तर मूळ कर्त्यांनीं वेगळे विकलेले प्रदेशहि घरीं असावे अशी अट घालतात. ही अट मॉडबरोबरच्या सूचनापत्रांत लिहिलेली असते. पण सूचनापत्र वाचावयाचें कोणी?

तिसरें कारण स्मृतीचें, म्हणजे मेमरीचें. येथें थोडें गणित करूं. चार हजार शहाण्णव ठिपके रुंद व तितकेच उंच असें एक चित्र घेतलें, आणि प्रत्येक ठिपक्यास चार बाइट लागले, तर त्या एका चित्रास ६४ एमबी जागा लागते. तेंच चित्र रुंदीला व उंचीला निम्मे केलें तर १६ एमबी पुरतात. बाजू दुप्पट केली कीं जागा चौपट होते, हें क्षेत्रफळाचें साधें गणित आहे. प्रत्यक्षांत चित्रें दाबून साठविलेलीं असल्यामुळें जागा कमी लागते. पण दुपटीस चौपट हा हिशेब सुटत नाहीं. स्कायरिमची मूळची बांधणी ३२ बिटांची होती. अशा कार्यक्रमास फार तर ४ जीबी स्मृति वापरतां येते, मग यंत्रांत सोळा असोत कीं बत्तीस. भिंती, झाडें, कपडे सर्वच मोठ्या चित्रांचे घातले कीं ती मर्यादा भरे आणि खेळ पडे. २८ ऑक्टोबर २०१६ रोजीं त्याची ६४ बिटांची आवृत्ति निघाली आणि ती अडचण दूर झाली. तरीहि ग्राफिक कार्डाची स्वतःची स्मृति मोजकीच असते, हें विसरूं नये.

त्याच खेळांतील आणखी एक मर्यादा संस्कृतज्ञांस गमतीची वाटेल. त्यांत प्रत्येक मॉडास सोळांच्या पायावर मोजलेला दोन अंकी क्रमांक मिळतो. असे क्रमांक सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ च होतात. आणि त्यांतील कांहीं खेळ स्वतःसाठीं राखून ठेवतो. म्हणून पूर्ण आकाराचे मॉड अडीचशेंच्या आसपास थांबतात. पुढें २०१७ सालीं हलक्या मॉडांची वेगळी जात काढली. ते सर्व मिळून एकच क्रमांक वापरतात आणि त्यांत ४,०९६ पर्यंत मावतात. वर्णमाला मोजकी असली तरी प्रत्याहार करून पुष्कळ वर्ण एका खुणेंत बसवितां येतात, त्यांतलाच हा प्रकार.

चौथें आणि सर्वांत फसवें कारण विरोधाचें, म्हणजेच क्रमाचें. दोन मॉड एकाच गोष्टीविषयीं दोन निरनिराळ्या आज्ञा देतात. एक म्हणतो, ह्या चौकांत पूल आहे. दुसरा म्हणतो, येथें सपाट रस्ता आहे. खेळानें ऐकावें कोणाचें? यासाठीं प्रत्येक खेळाचा कांहीं नियम असतो, आणि मॉड कोणत्या क्रमानें लावले यावर निकाल ठरतो.

ज्यांनीं थोडेंबहुत व्याकरण केलें आहे त्यांना येथें पाणिनीची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. अष्टाध्यायींत सुमारें चार हजार सूत्रें आहेत. एकाच शब्दावर दोन सूत्रें एकदम चालून आलीं तर काय करावें, हा प्रश्न त्यांतहि उभा राहतो. पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादांतील दुसऱ्या सूत्राचा परंपरागत अर्थ असा कीं, दोन तुल्यबळ नियमांत विरोध आला असतां 'पर' म्हणजे नंतरचा नियम लावावा. स्कायरिमचा कायदा अगदीं हाच आहे : यादींत जो मॉड मागाहून वाचला जातो, त्याचा शब्द अखेरचा. म्हणून मोठे, सर्वसामान्य मॉड आधीं लावावेत. विशिष्ट गांवापुरते किंवा वस्तूपुरते नंतर. आणि दोन मॉडांत समेट घडविणारा 'पॅच' सर्वांच्या शेवटीं. उत्सर्ग आणि अपवाद यांचा जो संबंध आपण शिकलों, तोच हा. मूळचे महाराष्ट्रीय असून काशींत राहिलेले अठराव्या शतकांतील नागेशभट्ट यांनीं 'परिभाषेन्दुशेखर' ह्या ग्रंथांत अशा विरोधाचा सविस्तर विचार केला आहे, आणि त्यांतहि बलाबलाच्या उतरंडींत अपवादासच सर्वांत बलवान् मानिलें आहे.

परंतु खरी मेख पुढेंच आहे. 'पर' म्हणजे कोणता? २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या केंब्रिज विद्यापीठांतील आपल्या प्रबंधांत ऋषि राजपोपट यांनीं असें प्रतिपादिलें कीं, त्या सूत्रांतील 'पर' शब्दाचा अर्थ ग्रंथांत नंतर आलेला नियम असा नसून, शब्दाच्या उजव्या भागावर होणारें कार्य असा घ्यावा. सर्व पंडितांना तें पटलेलें नाहीं, आणि तो वाद येथें सोडविण्याचा आमचा अधिकारहि नाहीं. पण नियम माहीत असूनहि त्याची दिशा न कळल्यास निकाल उलट लागतो, एवढें मात्र त्यावरून दिसतें. आमच्या ह्या मुलाचें नेमकें हेंच झालें होतें. त्यानें आधीं स्कायरिम खेळून पाहिला होता. तेथें यादींत जो खालीं, तो बलवान्. यूरो ट्रक सिम्युलेटरच्या यादींत मात्र याच्या उलट, जो वर, तो बलवान्. मुलानें एका खेळाची परिभाषा दुसऱ्या खेळास लाविली.

अर्थात् हें कळलें शेवटीं. कसें कळलें, तेंहि सांगण्यासारखें आहे. कारण ती रीत कोणत्याहि बिघाडास लागूं पडते.

खेळ आपल्या घडामोडींची एक रोजनिशी लिहून ठेवतो. तिला लॉग म्हणतात. यूरो ट्रक सिम्युलेटरची ती फाइल 'डॉक्युमेंट्स'मधील त्याच्याच फोल्डरांत सांपडते. मुलीनें ती उघडली, तों चुकांच्या ओळींची रांग! परंतु तिनें एक शहाणपणाची गोष्ट केली. खेळ नीट चालत होता त्या दिवसाची एक प्रत भावानें कोणा मित्रास पाठविली होती, ती तिनें मागवून घेतली. तिच्यांतहि तशाच पुष्कळ ओळी होत्या. म्हणजे नुसती तक्रार दिसली कीं तोच अपराधी, असें नव्हे. चांगल्या दिवसाची रोजनिशी जवळ असल्यावांचून वाईट दिवसाच्या रोजनिशीचा अर्थ लागत नाहीं.

मग तिनें विभागणीचा मार्ग धरला. ५३ मॉड एकेक करून काढून पाहावयाचे तर ५३ खेपा. त्याऐवजीं निम्मे काढावेत. खेळ चालला तर दोष काढलेल्या निम्म्यांत. पडला तर राहिलेल्या निम्म्यांत. पुन्हां त्या निम्म्याचे निम्मे. दोनाचे घात घेत गेलें तर सहा खेपांत ६४ पर्यंतच्या वस्तूंचा निकाल लागतो. मात्र परस्परांवर अवलंबून असलेले मॉड एकत्रच ठेवावेत, नाहींतर आधार तुटल्यामुळें निराळाच बिघाड उद्भवतो.

तिनें २७ आणि २६ असे दोन भाग केले. पहिला भाग एकटा लाविला, खेळ चालला. दुसरा एकटा लाविला; तोहि चालला! दोन्ही एकत्र केले कीं मात्र खेळ पडे. भाऊ म्हणाला, "ताई, सगळेच निर्दोष आहेत, मग पडतें कोण?" एकत्र कुटुंबांत आयुष्य काढलेल्या वाचकांस ह्या प्रश्नाचें उत्तर सांगावयास नको. दोघेहि सज्जन, पण एकाच चुलीजवळ दोघांनीं एकदम आपापला नियम सांगितला, म्हणजे भांडण उभें राहतें. दोष माणसांत नसून व्यवस्थेंत असतो.

अशा वेळीं प्रत्येक जोडी तपासूं म्हटलें तर ५३ मॉडांच्या १,३७८ जोड्या होतात. परंतु दुसरा भाग सबंध ठेवून पहिल्याची विभागणी करीत गेलें तर फार तर पांच खेपांत पहिल्या भागांतला पक्षकार सांपडतो. मग तेवढा कायम ठेवून दुसऱ्या भागाची विभागणी केली कीं आणखी पांच खेपांत त्याचा प्रतिपक्षी सांपडतो. सुरुवातीच्या दोन धरून बारा खेपा. दोन संध्याकाळीं काम झालें. एक निघाला मोठा नकाशा. दुसरी निघाली तो नकाशा शेजारच्या नकाशास जोडणारी, रस्त्यांचीं टोकें जुळविणारी छोटी फाइल. ही फाइल यादींत दोन्ही नकाशांच्या वर ठेवावी असें तिच्या कर्त्यानें सूचनापत्रांत स्वच्छ लिहिलें होतें. मुलानें ती सर्वांच्या खालीं ठेविली होती. अपवाद उत्सर्गाच्या खालीं दडपला गेला होता! फाइल वर नेली, आणि लाल बस पुन्हां रस्त्यावर आली. कार्ड घेतलें गेलें नाहीं, यंत्र विकलें गेलें नाहीं, आणि मुलीचा अभ्यासहि चालू राहिला.

यावरून घरोघरीं पाळण्याजोग्या कांहीं गोष्टी सांगतों.

नवा मॉड एका वेळीं एकच घालावा, आणि तो घातल्यावर अर्धा तास खेळून पाहावें. पांच एकदम घातले आणि खेळ पडला, तर पांचांवर संशय येतो. एक साधी वही ठेवावी. तींत तारीख, मॉडाचें नांव, त्याची आवृत्ति आणि यादींतील जागा लिहावी. आमच्या मुरब्याच्या किनाऱ्यावर समुद्रावर जाणारी माणसें होडींत बर्फ, जाळें, डिझेल आणि पाणी कोठें ठेविलें आहे हें अंधारांतहि सांगूं शकतात. कारण भर समुद्रांत शोधत बसण्यास सवड नसते. वहीचा उपयोग तोच.

जपून ठेवलेल्या प्रवासाची, म्हणजे सेव्हची, वेगळ्या जागीं प्रत करून ठेवावी, आणि सर्व प्रयोग कोऱ्या प्रोफाइलांत करावेत. स्कायरिमसारख्या खेळांत मॉडाच्या कांहीं आज्ञा सेव्हमध्येंच जाऊन बसतात; म्हणून अर्ध्या प्रवासांत असा मॉड काढला तर त्या आज्ञा निराधार होऊन मागें राहतात, आणि बिघाड पुढें कधींतरी उद्भवतो. यूरो ट्रकमध्यें नवी आवृत्ति येण्यापूर्वीं हातचें काम पुरें करून गाडी मूळ नकाशांतील एखाद्या गांवीं उभी करावी. मॉडांच्या दुरुस्त आवृत्त्या येईपर्यंत तो खेळ स्टीमवर मागील आवृत्तींत ठेवण्याचीहि सोय कर्त्यांनीं दिली आहे. मुलांनीं ती अवश्य वापरावी.

फाइली मॉडाच्या कर्त्यानें स्वतः जेथें ठेवल्या असतील तेथूनच घ्याव्या. ह्या बसच्या साध्या मॉडाची फाइल एस. सी. एस. किंवा झिप प्रकारची असते. ती नेमलेल्या फोल्डरांत ठेविली कीं काम झालें. बसचा मॉड म्हणून कोणी एखादा कार्यक्रम चालवावयास सांगेल, किंवा विषाणूंपासून रक्षण करणारी व्यवस्था बंद करावयास सांगेल, तर ती बस नव्हे, चोराची गाडी समजावी. त्याच संगणकावर काकांचे हिशेब आहेत, हें लक्षांत असूं द्यावें. तसेंच, दुसऱ्यानें महिनोन्महिने खपून केलेली बस त्याच्या परवानगीवांचून आपल्या नांवानें वांटूं नये. विद्यादान मोफत असलें म्हणून गुरूचें नांव खोडावें असें नाहीं.

आणि वडील मंडळींनीं तीन गोष्टी कराव्या. मूळ खेळ मॉडांवांचून चालवून पाहिल्याखेरीज कोणताहि भाग विकत घेऊं नये. रागाच्या भरांत भिंतीवरचें बटण बंद करूं नये. सेव्ह लिहिला जात असतां वीज गेली तर फाइल अर्धवट राहते, आणि हिशेबाच्या फाइलीचीहि तीच गत होऊं शकते. आमच्या बाजूस पावसाळ्यांत वीज वरचेवर जाते. तेव्हां परवडत असेल तर यूपीएस घ्यावा, तो सर्वांच्याच कामाचा आहे. तिसरी गोष्ट, यंत्र एक आणि माणसें चार असल्यास वेळांचें पत्रक करून भिंतीवर लावावें, आणि तें आजोबांनाहि बंधनकारक असावें.

आतां तो पहिला विचार, खेळ बंद पडला तें बरें झालें, हा. आम्हांस तो पटत नाहीं. खेळणें ही करमणूक आहे, आणि तिला वेळेची मर्यादा हवीच. परंतु बिघडलेला खेळ रागावून न टाकतां, आधीं कोण निर्दोष तें ठरवून, एका वेळीं एकच गोष्ट बदलून, लिहून ठेवून, सूचनापत्र वाचून दुरुस्त करणें, हें शिक्षण आहे. आणि वर्गांत तें शिकवावयास आम्हांस पस्तीस मिनिटांचा तास कधींच पुरला नाहीं. मात्र मुलांनींहि एक ओळखावें. पुष्कळ जणांचा खेळण्यापेक्षां जोडण्यांतच अधिक वेळ जातो. चौपन्नावा मॉड घालण्याच्या नादांत त्रेपन्न मॉडांची बस आगारांतच उभी राहते. खेळ नीट चालूं लागला म्हणजे यादीस हात लावणें थांबवावें, आणि ठरलेला तास संपतांच ताईसाठीं खुर्ची मोकळी करावी.

पुढील महिन्यांत घरांतील जुनीं छायाचित्रें संगणकावर कशीं जतन करावीं, याविषयीं लिहूं.